जपानची सहल, दोजोचा सराव आणि उतारवय

वर्धेकरांना जपान तसा परका नाही. निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्यास येऊन महात्मा गांधींना भेटले आणि पुढे ‘फुजी गुरुजी’ या नावाने ओळखले गेले. सेवाग्राम आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेत जपानी बौद्ध मंत्राला आजही स्थान आहे. गोपुरीत गीताई मंदिराशेजारी उभा असलेला विश्वशांती स्तूप तर आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर आहे.

या जुन्या नात्यात अलीकडे एक नवा धागा गुंफला जात आहे. नातवंडे कराटे, ज्युदो शिकतात. त्यांतील काहींना जपानमध्ये जाऊन प्रत्यक्ष तेथील दोजोत, म्हणजे प्रशिक्षणशाळेत, आठवडाभर सराव करावासा वाटतो. मग ‘सारेच जाऊ, सकाळी सराव आणि दुपारी देशदर्शन’ असा बेत ठरतो आणि आजी-आजोबांनाही आग्रह होतो. काही आजोबांना तर नातवाबरोबर आपणही चटईवर उतरावे असे वाटते. तपासणीच्या खुर्चीत बसून मग प्रश्न येतो, “डॉक्टर, जाऊ का?” बहुतेकांना मी ‘जा’ असेच सांगतो. मात्र आपण तेथे शिकणारे म्हणून जाणार, पाहणारे म्हणून जाणार की केवळ प्रवासी म्हणून, हे आधी ठरवावे. तिन्हींची तयारी वेगळी असते.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एका मंदिराच्या १२ चटयांच्या खोलीत, अवघ्या नऊ शिष्यांसह ‘कोदोकान’ ही संस्था सुरू केली. ‘शक्तीचा कमीत कमी अपव्यय’ आणि ‘परस्परांचे कल्याण’ ही त्यांच्या शिकवणीची दोन सूत्रे होत. त्यांच्या शिष्या केइको फुकुदा यांची कथा आपण जरूर लक्षात ठेवावी. २०११ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावी श्रेणी दिली. आयुष्यभर त्यांनी ‘जू नो काता’ या प्रकारात प्रावीण्य मिळवले. त्यात प्रतिस्पर्ध्याला प्रत्यक्ष आपटले जात नाही. संथ, ठरलेल्या हालचालींतून तोल, वळणे आणि श्वास यांचा अभ्यास होतो. साठीनंतर काही शिकायचेच असेल, तर अशा संथ प्रकाराची विचारणा करावी. कुस्तीसारखी झटापट तरुणांसाठी सोडून द्यावी.

ज्युदोतील पहिला धडा मात्र साऱ्यांनीच समजून घेण्याजोगा आहे. तो फेकण्याचा नसून पडण्याचा आहे. त्याला ‘उकेमी’ म्हणतात. पडताना हनुवटी छातीकडे घ्यायची म्हणजे डोके आपटत नाही, श्वास रोखून धरायचा नाही आणि आघात एका बिंदूवर न घेता हाताने व पाठीच्या मोठ्या भागावर पसरवायचा, हे त्याचे तत्त्व. आपण पडताना स्वाभाविकपणे तळहात ताठ पुढे करतो आणि मनगट मोडून घेतो. उतारवयात पडल्यावर खुब्याचे हाड मोडले, तर चालते-फिरते माणूस महिनोन्‌महिने परावलंबी होते. त्याहूनही वाईट म्हणजे पडण्याची धास्ती. ती बसली की माणूस अंगणात जाणे सोडतो, पाय अधिक दुबळे होतात आणि पडण्याची शक्यता आणखी वाढते. म्हणून तोल आणि पायांचे बळ राखणे हाच या वयातील खरा स्वसंरक्षणाचा अभ्यास होय. तथापि उकेमीचा सराव घरच्या फरशीवर कदापि करू नये. तो जाड चटईवर, जाणत्या शिक्षकासमोर आणि निजलेल्या किंवा बसलेल्या स्थितीपासूनच सुरू करावा.

हाडे ठिसूळ झालेली आहेत, रक्त पातळ ठेवण्याची औषधे चालू आहेत, मानेच्या मणक्यांचा त्रास किंवा चक्कर आहे, डोळ्याच्या पडद्यावर अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे, हृदयविकाराचा झटका, स्टेंट किंवा बायपास यांस फार काळ लोटलेला नाही, अथवा रक्तदाब आटोक्यात नाही, अशांनी चटईवर पडण्या-लोळण्याचा कोणताही सराव करू नये. त्यांनी प्रेक्षक व्हावे. त्यात कमीपणा नाही. कोदोकानच्या मुख्य सभागृहात ४२० चटया आहेत आणि सराव पाहण्यासाठी आसनांची सोय आहे.

निघण्यापूर्वी किमान तीन महिने तयारी करावी. दोन सोप्या चाचण्या घरी करून पाहाव्यात. जवळ कोणीतरी उभे असावे. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला १५ सेकंदांहून अधिक वेळ लागतो का? एका पायावर १० सेकंद उभे राहता येते का? जमत नसेल तर आपल्या डॉक्टरांना दाखवावे आणि खुर्चीतून उठणे-बसणे, टाचा उचलणे, भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे हे व्यायाम रोज करावेत. जपानच्या सहलीत दिवसाकाठी बरेच चालणे होते. तेव्हा प्रवासात वापरायचे बूट आताच घ्यावेत, ते घालूनच फिरावे आणि चालण्याचे अंतर दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे.

ऋतू निवडताना आपल्या वर्ध्याच्या उन्हाची सवय आहे, या भरवशावर राहू नये. जपानचा जुलै-ऑगस्टमधील उकाडा दमट असतो; घाम वाळत नाही आणि थकवा लवकर येतो. मार्चअखेर ते एप्रिल किंवा नोव्हेंबर हा काळ सोयीचा. जानेवारीत पहाटेच्या थंडीत होणारा ‘कानगेइको’ हा सराव प्रसिद्ध आहे. पण दमा व हृदयविकार असणाऱ्यांनी तो पाहण्याचाही आग्रह धरू नये.

दिवसाची आखणी करताना सराव आणि दर्शन दोन्ही एकाच दिवशी भरगच्च कोंबू नयेत. टोकियोत नातवंडे कोदोकानमध्ये असतील, तेव्हा जवळच्याच कोइशिकावा कोराकुएन या जुन्या उद्यानात आपण सावकाश फिरू शकता. क्योतोत १८९९ मध्ये बांधलेले बुतोकुदेन हे युद्धकलांचे जुने सभागृह आणि हेइआन मंदिर जवळजवळ आहेत. एका सकाळीच दोन्ही होतात. फुशिमी इनारीच्या टेकडीवरील तोरणांची वाट मात्र पायऱ्यांची आहे. गुडघे दुखत असतील तर पायथ्यापासून दर्शन घेऊन परतावे. कराटेचे मूळ ओकिनावा बेटावरचे. तेथील कराटे काइकान ही वास्तू २०१७ मध्ये खुली झाली. दोजोत पादत्राणे काढावी लागतात आणि पुष्कळदा जमिनीवर बसावे लागते. वाकून नमस्कार करून नम्रपणे खुर्ची मागावी. सरावानंतर लगेच गरम पाण्याच्या कुंडात उतरू नये. रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते.

औषधांविषयी तीन गोष्टी. पहिली, जपानचे औषधविषयक नियम कडक आहेत. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन आणि खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन यांवर तेथे निर्बंध आहेत. एक महिन्याहून अधिक पुरेल इतकी नेहमीची औषधे नेण्यास आधी परवानगी लागते. मूळ वेष्टणातील औषधे आणि इंग्रजीतील चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी. दुसरी, जपानची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्याचे वेळापत्रक निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि चालताना साखर खिशात ठेवावी. तिसरी, विमानात तासा-दोन तासांनी उठून चालावे, बसल्याजागी घोटे हलवावेत, पाणी प्यावे.

प्रवास विमा घेताना जुने आजार लपवू नयेत आणि युद्धकलेच्या सरावातील दुखापत त्यात अंतर्भूत आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. तेथे रुग्णवाहिकेसाठी ११९ हा क्रमांक आहे.

सांभाळ करणाऱ्या मुला-सुनांना एक विनंती. सारी मंडळी दोजोत गुंतलेली असताना घरातील ज्येष्ठांना अनोळखी शहरात एकटे ठेवू नका. राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता जपानी लिपीत लिहिलेला कागद त्यांच्या खिशात असू द्या. आणि ‘तुम्हाला झेपणार नाही’ असे परस्पर ठरवूनही टाकू नका. आधी तपासणी करा, तीन महिने त्यांच्याबरोबर चाला आणि मग दोघे मिळून ठरवा. जपानचा बेत पुढे रद्द झाला, तरी या तीन महिन्यांत कमावलेले पायांचे बळ घरातच राहणार आहे.