कचारगडच्या यात्रेतली पुस्तके

माघ पौर्णिमा जवळ आली, की मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या दरेकसा या छोट्या स्टेशनवर माणसांची रीघ लागते. तिथून धनेगाव आणि पुढे जंगलातल्या चढणीने कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात भरणाऱ्या या यात्रेला विदर्भातले गोंड तर येतातच, पण मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशातूनही लोक येतात. 'जय सेवा' म्हणत एकमेकांना भेटतात. पायथ्याच्या दुकानांत सप्तरंगी झेंड्यांच्या शेजारी पुस्तके मांडलेली असतात : गोंडी व्याकरणाची, लिपी शिकवणारी, पारी कुपार लिंगोच्या चरित्राची. शहरातल्या पुस्तकांच्या दुकानांत क्वचितच दिसणाऱ्या या साहित्याला त्याचा वाचक इथे भेटतो.

गुहेची कथा गोंडांच्या घराघरांत सांगितली जाते. कली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर भली थोरली शिळा बसली. जंगो रायताडने त्या मुलांसाठी जीव टाकला, लिंगोने सुटकेची वाट शोधली आणि किंगरी वाजवणाऱ्या हिरासुका पाटालीरच्या सुरांनी मुलांना शिळा ढकलण्याचे बळ दिले. मुले सुटली, हिरासुका मात्र त्याच शिळेखाली गेला. पुढे लिंगोने या मुलांना कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची शिकवण दिली. एका समाजाच्या मूळकथेत वादकाला एवढे मोठे स्थान आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यायला हवे. कारण पुढची कित्येक शतके गोंडी साहित्य सांभाळले ते प्रधान समाजाच्या गायकांनीच. वंशावळी, देवांच्या कथा, राजांचे पराक्रम हे सारे त्यांच्या गळ्यात होते.

हे गाणे कागदावर उतरले त्यात नागपूरचा वाटा मोठा आहे. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने प्रधानाच्या तोंडून लिंगोचे दीर्घ गीत मूळ गोंडीत लिहून घेतले. 1863 साली नागपूरजवळ नदीच्या पुरात त्याचा अंत झाला. त्याची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून 1866 साली प्रसिद्ध केली. त्या गीतात 'काचीकोपा लोहागढ' ही जागा येते, आणि गोंडी अभ्यासक ती कचारगडच मानतात.

मात्र गोंडांनी स्वतःबद्दल स्वतः लिहिण्याचा जोर वाढला तो पुढच्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यातले सर्वांत ठळक नाव मोतीरावण कंगाली यांचे. रामटेक तालुक्यातल्या दुलारा गावी 1949 साली जन्मलेले कंगाली नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करत, आणि उरलेला वेळ गोंडी भाषा, लिपी व पुनेम यांना देत. ऐंशीच्या दशकात कचारगडच्या यात्रेला आजचे व्यापक रूप देणाऱ्यांत ते होते. त्यांच्या सोबतचे सुन्हेरसिंह ताराम यांनी 'गोंडवाना दर्शन' हे मासिक चालवले. सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याचा कंगालींचा प्रयत्न तज्ज्ञांनी स्वीकारलेला नाही. पण 2015 साली ते गेले तेव्हा त्यांनी मागे ठेवलेले काम एखाद्या संस्थेला शोभेल एवढे होते. कवयित्री उषाकिरण आत्राम यांनी गोंड स्त्रीचा आवाज या साहित्यात आणला.

इथे एक गोष्ट बोचते. कंगालींचे बहुतेक लेखन हिंदीत आहे. 'गोंडवाना दर्शन'ही हिंदीच. महाराष्ट्रात 1979 साली भद्रावतीला आदिवासी साहित्य संमेलन भरले. पुढे विनायक तुमराम, भुजंग मेश्राम यांच्यासारख्या कवींनी मराठी कवितेला नवी धग दिली. मेश्रामांच्या ओळींत गोंडी शब्द सहज येतात. मराठी त्यामुळे श्रीमंत झाली. मात्र गोंडीतच लिहिलेली कथा, गोंडीतच लिहिलेली कादंबरी यांचे कपाट अजून फार भरलेले नाही.

सिंधीशी तुलना केली, तर कारण कळते. फाळणीनंतर सिंधी लेखक उल्हासनगर, मुंबईला आले, गोंदियासारख्या गावांतही सिंधी कुटुंबे स्थिरावली. त्यांचा प्रांत गेला होता, पण छापील साहित्याची आणि मासिकांची सवय सोबत होती. लिपी अरबी की देवनागरी हा वाद त्यांच्यातही रंगला. तरी 1967 साली सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तिला पुरस्कार, अकादमी, पाठ्यपुस्तके मिळाली. 2011च्या जनगणनेत सिंधी भाषक सुमारे 27.7 लाख आहेत, तर गोंडी भाषक 29.8 लाख. गोंडीची जमीन गेली नाही, ती राज्यांच्या सीमांनी वाटली गेली. आणि अनुसूचीत तिला जागा नाही. 2003च्या घटनादुरुस्तीने संथाली व बोडो आत आल्या. गोंडीची मागणी उभीच आहे. शिवाय गोंडांची लोकसंख्या एक कोटीच्या वर असताना गोंडी सांगणारे तीस लाखांच्या आत राहतात, म्हणजे बहुतेक घरांत भाषा पुढच्या पिढीकडे गेलेली नाही.

लिपीचा प्रश्नही या वाटणीतूनच बिकट झाला. विदर्भात आणि मध्य प्रदेशात गोंडी देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 साली स्वतंत्र लिपी तयार केली. आदिलाबादकडच्या गुंजाला गावी त्याहून जुन्या, वेगळ्याच लिपीतली हस्तलिखिते मिळाली. मसराम लिपी 2017 साली आणि गुंजाला लिपी 2018 साली युनिकोडमध्ये आली, त्यामुळे दोन्ही आता मोबाइलवर लिहिता येतात. शब्दांच्या बाबतीतही असेच. गडचिरोलीचा आणि बस्तरचा गोंड एकमेकांशी बोलताना अडखळतात, म्हणून वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडी भाषकांनी एकत्र बसून सुमारे 3,000 शब्दांचा समान कोश बनवला. 2018 साली तो पुरा झाला. लिपीच्या वादात दहा वर्षे घालवण्यापेक्षा हाती असलेल्या लिपीत मुलांसाठी पुस्तके काढणे अधिक तातडीचे आहे. त्याला जुना आधारही आहे : हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने 1943च्या सुमारास आदिलाबादच्या मारलवाई गावी गोंड शिक्षक तयार केले, तेव्हा तिथली गोंडी वाचनपुस्तके देवनागरीतच होती.

महाराष्ट्रात त्या दिशेने सर्वांत धीट पाऊल टाकले ते गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावने. तिथल्या ग्रामसभेने 2019 साली गोंडी माध्यमाची शाळा काढली. 2022 साली शिक्षण विभागाने मान्यता नसल्याचे कारण देऊन शाळा बंद करण्याची नोटीस दिली, आणि ग्रामसभेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठावले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे राज्यघटनेचे कलम 350-अ सांगते. यात्रेत लिपीचे पुस्तक विकत घेणारा बाप ते घरी नेऊन मुलाला शिकवू शकतो, पण त्या मुलाला तेच वर्गातही वाचायला मिळावे, एवढीच मोहगावची मागणी आहे.