बरडी आणि चुनखडीचे उतार

बिरसीच्या मुलखात जमाबंदीच्या दफ्तरांनी कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी जमिनीची जी प्रतवारी नमूद केली, ती मुळात शेतकऱ्याच्या अनुभवसिद्ध ज्ञानातून आलेली असून, तीतील बरडी, म्हणजे उंचवट्यावरील तांबूस, खडेयुक्त, उथळ जमीन, हिचे चुलत भावंड दूर स्पितीच्या शीत, शुष्क, चुनखडकाच्या उतारांवर आढळते. तेथे पर्जन्य इतके अल्प, की विरघळलेला चुना खोल वाहून न जाता खड्यांच्या खालच्या अंगाला शुभ्र लेप होऊन बसतो, आणि वरच्या विरळ तृणावर याक-मेंढ्या चरतात. आपल्याकडे मात्र मृगापासूनचा पाऊस चुना धुऊन नेतो, लोह मागे ठेवतो. म्हणून बरडी तांबडी. गवताचे मूळ सुटले, की ही उथळ माती दोन्हीकडे टिकत नाही. बरडीवरची चराई, गावकऱ्यांनो, आवरती ठेवा.