हौस म्हणायची की भट्टी?

मैत्रिणींनो, 'बिअर' हा शब्द दिसला म्हणून पान उलटू नका. वस्तीत दारूच्या विरोधात काम करणारी बाई बिअरवर लिहायला बसली म्हणजे काहीतरी बिघडलंय, असंही समजू नका. विषय आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. निदान अर्ध्या वाटेपर्यंत तरी!

माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत ऑरेगन राज्यात असतो. इंजिनिअर आहे. मध्यंतरी दीड महिना मी त्याच्याकडे राहून आले. तिथं गॅरेजमध्ये गाडीऐवजी त्याने आपला एक छोटा कारखाना थाटलाय. घरी बिअर करण्याचा! पहिल्या दिवशी मी तिकडे फिरकलेच नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मावशी, पिऊ नकोस. पण बघ तर खरं." मग गेले.

स्टीलची तीन मोठी पातेली ओळीने मांडलेली. पहिल्यात पाणी तापतं, दुसऱ्यात धान्य मुरतं, तिसऱ्यात त्याचा रस उकळतो. गॅस नाही, शेगडी नाही. पातेल्याला भोक पाडून आत गिझरसारखी कॉईल बसवलेली. आपल्या घरच्या गिझरची कॉईल साधारण दोन हजार वॅटची असते, ही साडेपाच हजारांची. भिंतीवर एक डबा, त्यावर लाल आकडे. हवं ते तापमान लावायचं, की कॉईल आपोआप चालू-बंद होत राहते. पाणी आणि वीज शेजारी शेजारी, म्हणून अर्थिंग आणि करंट गळला तर क्षणात वीज तोडणारा स्विच, यावर त्याचा सगळ्यात जास्त कटाक्ष. हे सगळं त्याने स्वतः जोडलेलं. घरातला साधा बल्ब बदलायला ज्याला चारदा सांगावं लागायचं, तो हाच का, असा मला प्रश्न पडला!

मग त्याने धान्याची पिशवी उघडली. सातू, म्हणजे जव. पण नुसते नव्हेत. भिजवून, मोड आणून, वाळवून, हलके भाजलेले. मी चार दाणे तोंडात टाकले आणि म्हटलं, "अरे, हे तर आपलं सत्व!"

खरंच तेच होतं. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची आणि दळायची. बाळाला सहावा महिना लागला की आपल्या आया-आज्या हेच करत आल्या. बिअरवाले या मोडाच्या धान्याला 'माल्ट' म्हणतात. हॉर्लिक्सच्या बाटलीवर वाचलंय ना आपण? तोच माल्ट. म्हणजे ज्या वस्तूपासून बिअर होते, ती आपण मुलांना 'ताकद येईल' म्हणून दुधातून वर्षानुवर्षं पाजत होतो!

मोड आले की दाण्यात नेमकं काय होतं, तेही भाच्याने समजावून सांगितलं. दाणा म्हणजे पिठाचा साठा. अंकुराला वाढायचं असतं, म्हणून दाणा आपल्यातच पाचक रस तयार करतो. हे रस पिठूळ भाग तोडून त्याची साखर करतात. धान्य वाळवलं की ते काम थांबतं, पण रस दाण्यातच दबा धरून राहतात. गरम पाणी मिळालं की पुन्हा कामाला लागतात. मात्र पाणी बेताचंच गरम हवं. साधारण ६६-६७ अंशांवर तासभर. फार उकळतं झालं तर रस मरतात, कोमट राहिलं तर धड काम होत नाही. त्या विजेच्या डब्याचं खरं काम एवढंच, तासभर आच सांभाळायची. आपण खरवसाच्या किंवा पुरणाच्या पातेल्यापाशी उभं राहून जे करतो, ते काम तिथं लाल आकडे करतात.

पाच किलोच्या आसपास धान्यातून वीस लिटर रस निघतो. तो तासभर उकळायचा. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं घालायची. ही वेल आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलमध्येही लावतात. मग तांब्याच्या नळीतून गार पाणी खेळवून रस झटपट थंड करायचा आणि यीस्ट घालून झाकून ठेवायचा. पुढचे आठ-पंधरा दिवस यीस्ट साखर खातं आणि तिची दारू करतं. यीस्ट पडेपर्यंत ते पातेलं बाळाच्या पेजेचं असतं. यीस्ट पडलं की वाट बदलते.

ही अर्धी वाट आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनीही चोखाळली आहे. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संस्थेत मोडाच्या नाचणीपासून लहान मुलांच्या आहारावर संशोधन झालं. १९८०च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही यावर काम झालं. कुपोषित मुलाची अडचण अशी, की त्याचं पोट इवलंसं. पेज पातळ केली तर पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही, घट्ट केली तर गिळवत नाही. अशा घट्ट, गरम लापशीत मोडाच्या धान्याचं चमचाभर पीठ घातलं, की पाणी न वाढवता ती पातळ होते. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त अन्न जातं. घालून नीट ढवळावं आणि पुन्हा एक उकळी द्यावी. आमच्या बचत गटातल्या बायकांना हे करून दाखवलं, तेव्हा त्यांना जादूच वाटली.

धान्य आंबवण्याची ही विद्या मुळात बायकांचीच, बरं का! इराककडच्या प्राचीन सुमेरी लोकांची बिअरची देवता निन्कासी, ही स्त्री. तिचं सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीचं स्तोत्र मातीच्या विटेवर कोरलेलं सापडलंय, त्यात बिअरची कृतीच गुंफलेली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूवर देखरेख करणारा अधिकारी आहे, पण सुरेसाठी लागणारं किण्व गोळा करायचं काम बायका-मुलांनी करावं, असं सांगितलंय. सणासमारंभाला कुटुंबांनी घरापुरती सुरा करायलाही त्यात मुभा आहे. झारखंडकडची तांदळाची हंडिया आजही बायकाच करतात. पुढे त्याचा धंदा झाला, कर लागले, ठेके आले, आणि हे काम पुरुषांच्या हाती गेलं. आपल्या वाट्याला उरलं ते पिऊन आलेल्याला दार उघडणं!

परत आल्यावर मी गटातल्या बायकांना फोटो दाखवले. डोंगर दाखवले, बर्फ दाखवला, आणि गॅरेजही दाखवलं. भांडी पाहून त्या हसल्या. त्यातल्या एकीने मात्र विचारलं, "ताई, तुमच्या भाच्यानं केली तर ती हौस, आणि आमच्या गल्लीत होते ती भट्टी. असं का?"

हिचा नवरा दारूनेच गेला. धुण्याभांड्याची पाच घरं करून दोन मुलं शिकवते. तिला काय उत्तर द्यायचं? 'अमेरिकेत चालतं' हे काही उत्तर नव्हे.

आधी कायद्याचं बघू. अमेरिकेत घरी बिअर करणं १९७८ साली तिथल्या केंद्राच्या कायद्याने मान्य झालं. एका घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर. विकायची मात्र नाही. तरीही सगळ्या राज्यांनी मान्य करेपर्यंत २०१३ उजाडलं. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय दारू तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे, मग ती गल्लीत करा नाहीतर कोथरूडच्या फ्लॅटमध्ये. पुण्यात २००९ साली डूलाली ही महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली, नंतर आणखी निघाल्या. २०१८ पासून पुण्याच्या मूनशाईन मीडरीत मधापासून मीड होऊ लागलं. ते सगळं रीतसर परवाने घेऊन. तेव्हा कायद्याने बघायचं तर पुण्यात भाच्याची हौसही भट्टीच ठरेल. हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

दुसरा फरक वस्तूचा. बिअर नुसती आंबवलेली असते, साधारण पाच टक्के दारूची. हातभट्टीची ऊर्ध्वपातन करून, म्हणजे वाफ धरून काढतात, ती कितीतरी कडक. आणि जीव जातात ते बहुतेक वेळा त्यात कारखान्यातलं मिथेनॉल मिसळल्यामुळे. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली, ती अशीच. धान्याच्या आंबवण्यातून तेवढं विष तयार होत नाही.

पण म्हणून बिअर निर्दोष ठरते का? मुळीच नाही. दारूमुळे कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच सांगितलंय, आणि त्यात आपल्या स्तनाचा कर्करोगही येतो. अमुक इतकी दारू सुरक्षित, अशी मर्यादा नाही, असं संघटनेने २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. वीस लिटर म्हणजे छोट्या साठ बाटल्या. मी भाच्याला सरळ विचारलं, "यातल्या तुझ्या पोटात किती जातात?" तो चाचरला. सूनबाईने हिशेब सांगितला, "मावशी, अर्ध्याहून जास्त शेजारीपाजारी आणि ऑफिसात जातात. उरलेल्या महिनाभर पुरतात."

सूनबाईकडूनच मला तिसरा फरक कळला. तिला दिवस गेले, तेव्हा यीस्टचा वास सहन होईना. "पुरे," एवढंच म्हणाली. नऊ महिने आणि पुढचं वर्षभर पातेली कोरडी राहिली. तेवढ्यात तिने तो तापमानाचा डबा पळवला आणि थंडीत ४३ अंशांवर दही लावायला सुरुवात केली! आजही एक पातेलं गणपतीत मसालेभातासाठी राखून ठेवलंय. धान्याचा उरलेला चोथा वाळवून ती थालीपिठाच्या भाजणीत घालते. त्या घरात पातेल्यावर तिचाही शब्द चालतो.

आणि आमच्या गल्लीत? तिथली बाई "पुरे" म्हणाली तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. घरखर्चाचे पैसे आधी गुत्त्यात जातात, मग घरी भांडण येतं. २००८ च्या सरकारी आदेशाने वॉर्डातलं दारूचं दुकान मतदानाने बंद करता येतं. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी 'आडवी बाटली'ला मत दिलं तर दुकान बंद. कामावर खाडा करून मतदानाला येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण ते परवान्याच्या दुकानाला लागू. चोरून चालणाऱ्या भट्टीला मतपत्रिका नसते. तिथं तक्रार करणारीलाच रात्री घरी जायला भीती वाटते.

त्या बाईला मी हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे ताई, दारू कुणाची ते नाही. बाईचं ऐकतात का, ते बघायचं." पंधरा वर्षांच्या कामात मला इतकं नेमकं बोलता आलं नव्हतं.

भाचा येत्या डिसेंबरात पुण्याला येतोय. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, तुझ्या गॅलरीत एक छोटं पातेलं बसवून दाखवतो. घरापुरतं. कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं, "अरे, मला कळेल ना! कायदा जुना झाला असं वाटत असेल तर तो बदलायची मागणी कर, तुझा हक्क आहे. पण ज्या वस्तीत मी भट्टीची तक्रार घेऊन पोलीस चौकीत जाते, तिथं मला मान वर करून फिरायचंय." तो थोडा खट्टू झाला. मग म्हणाला, "बरं, मग नाचणी तरी कर की."

ते मात्र पक्कं ठरलंय. तापमानाचा डबा तो घेऊन येणार आहे. आपल्या विजेला जुळेल अशी लहान कॉईल आणि करंट तोडणारा स्विच इथेच घ्यायचा, आणि वायरिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं. आमच्या गटाची अडचण भाजणीची. एकीचं सत्व करपतं, दुसरीचं कच्चं राहतं. नाचणी एकसारख्या, बेताच्या आचेवर वाळवता आली तर मोडाचा गुण टिकेल आणि पाकिटही महिनाभर चांगलं राहील. इतकं तर त्या डब्याला जमायला हवं.

तुमच्याही घरात, नात्यात अशी हौस शिरली असेल. बाटलीतून, कॅनमधून, नाहीतर पातेल्यातून. भांडू नका, आणि कौतुकही लगेच करू नका. एकदा शांतपणे "पुरे" म्हणून बघा. पुढे काय होतं, त्यावरून ती हौस आहे की भट्टी, हे तुमचं तुम्हालाच कळेल.