कॅमेऱ्याची मान अडली तर...

पुण्याच्या खराडीत बांधकामांची धूळ उडतच असते. त्यामुळे बाल्कनीतला फिरता कॅमेरा अडला, की संशय आधी धुळीवर जातो. पण आधी कान लावा.

अशा बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांत छोटी स्टेपर मोटर असते. तिच्या कॉइलना ठरावीक क्रमाने वीज मिळाली, की ती एकेक पाऊल सरकते. टकटक ऐकू आली, तर मोटर जोर लावते आहे, पण गिअर अडलाय किंवा घसरतोय. नुसती थरथर असेल, तर कॉइलची एखादी वायर सुटलेली असू शकते. आवाजच नसेल, तर अडॅप्टर आणि केबल तपासा. लांब, बारीक केबलमध्ये व्होल्टेज घटतं.

मान हाताने पिळू नका, प्लॅस्टिकचे दाते तुटतात. अडथळा काढून कॅमेरा बंद-चालू करा. बरेच कॅमेरे तेव्हा दोन्ही टोकांपर्यंत फिरून आपली जागा नव्याने मोजतात.