अंगणात कोण : गुलमोहर की बहावा?

अनगोळात नवे घर उभे राहिले की अंगणात कोणते झाड लावावे, हा प्रश्न हटकून निघतो. बेळगावची थंडी बोचरी खरी. परंतु हिमाच्या देशांत झाडे हिवाळ्याच्या चाहुलीने पाने टाकतात, आपल्याकडची पानगळ मात्र मुख्यतः पाण्याच्या टंचाईमुळे होते. गुलमोहर व बहावा दोघेही पानगळीचेच; तरी स्वभाव भिन्न.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो भराभर वाढतो, छत्रीसारखी सावली धरतो. परंतु मुळे उथळ व लाकूड ठिसूळ असल्यामुळे वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडण्याचे भय असते. बहावा आपल्याच मातीचा. आयुर्वेदातील आरग्वध तो हाच. त्याची वाढ सावकाश, सावलीही बेताची. पण ऐन उन्हाळ्यात तो पिवळ्या घोसांनी लवून जातो. बी कठीण कवचाचे असल्यामुळे थोडे घासून, रात्रभर भिजवून मगच पेरावे.

आवार मोकळे असेल तर भिंतीपासून दूर गुलमोहर अवश्य लावावा. घराला लागून चिंचोळे अंगण असेल, तर आम्ही बहाव्याच्याच बाजूचे. सावलीसाठी काही वर्षे अधिक थांबावे लागेल. परंतु वळवाच्या रात्री झोप निर्धास्त लागेल.