जुन्या संगणकाला कोणते ग्राफिक्स कार्ड पेलवेल?

दहा-अकरा वर्षांपूर्वी हौसेने जुळवून घेतलेल्या संगणकावर नवे गेम अडखळू लागले, की बहुतेकांच्या मनात प्रथम ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा विचार येतो. विचार चुकीचा नाही. मात्र दुकानदाराला ‘सर्वांत वेगवान कार्ड कोणते?’ असे विचारल्यास पैसे वाया जाण्याचीच शक्यता अधिक. आपल्या संगणकाला कोणते कार्ड पेलवेल, हा खरा प्रश्न आहे.

त्या काळी सर्रास दिसणारी रचना उदाहरणादाखल घेऊ. इंटेलचा चौथ्या पिढीतील कोअर आय-५ प्रोसेसर, एच-८१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि २०१४ मध्ये आलेले एनव्हिडियाचे जीटीएक्स ७५० टीआय कार्ड. या कार्डाला अवघी ६० वॅट वीज पुरते. मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डांना एसएमपीएसकडून स्वतंत्र वायर द्यावी लागते. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ वॅट देते, तर आठ पिनांची १५०. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसला अनेकदा अशी जोडणीच नसते आणि त्यावर छापलेला ‘४५० वॅट’ हा आकडाही डोळे झाकून मानण्यासारखा नसतो. कार्डावर भरपूर खर्च करून एसएमपीएसमध्ये काटकसर करणे हा उलटा हिशेब झाला. तो बिघडला तर सोबत कार्ड आणि मदरबोर्डही नेऊ शकतो.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. पीसीआय एक्स्प्रेसची नवी कार्डे जुन्या स्लॉटमध्ये बसतात, पण प्रत्येक कार्ड स्लॉटमधील सर्व १६ लेन वापरत नाही. एएमडीचे जानेवारी २०२२ मधील आरएक्स ६५०० एक्सटी केवळ चारच लेन वापरते. चौथ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये त्याला सेकंदाला सुमारे आठ जीबी माहितीची ये-जा करता येते. एच-८१ मदरबोर्डचा स्लॉट दुसऱ्या आवृत्तीचा असल्याने तेथे हाच वेग दोन जीबीवर येतो. त्यातच कार्डाची स्वतःची मेमरी चारच जीबी. ती भरली की गेम धक्के खात चालतो.

इंटेलच्या आर्क मालिकेतील कार्डे किमतीच्या मानाने आकर्षक आहेत. मात्र त्यांना ‘रिसाइझेबल बार’ ही सुविधा लागते. प्रोसेसरला कार्डाची संपूर्ण मेमरी एकाच वेळी वापरता यावी, यासाठीची ही सोय आहे. इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर सुचवते. चौथ्या पिढीच्या संगणकाने त्या वाटेला जाऊ नये.

खरेदीपूर्वी एक चाचणी घरीच करता येते. गेमचे रिझोल्यूशन कमी करून पाहावे. वेग लक्षणीय वाढला, तर अडथळा कार्डाचा. तो तेवढाच राहिला, तर प्रोसेसरच थकला आहे आणि महागडे कार्ड त्याला तरुण करू शकणार नाही.

वरील रचनेसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले सहा जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०५० सोयीचे वाटते. ते ७० वॅटवर चालते आणि आठ लेन वापरते. याच नावाचे २०२२ मधील आठ जीबीचे कार्ड अधिक वेगवान आहे, पण त्याला १३० वॅट व वेगळी वायर लागते. नावातील या साधर्म्यामुळे बिल करण्यापूर्वी खोक्यावरील मेमरीचा आकडा वाचावा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातील तपकीर गल्लीत जुने कार्ड शोधणाऱ्यांना जीटीएक्स १०६० चा मोह होईल. मात्र या पिढीसाठी नव्या गेमनुरूप ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले असून, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षाविषयक सुधारणा मिळणार आहेत.

मॉनिटरकडेही एकदा पाहावे. त्याला निळ्या टोकाची व्हीजीए केबलच लागत असेल, तर आजच्या कार्डांवर ती जोडण्यास जागा नसते. अशा वेळी डिजिटल सिग्नलचे रूपांतर करणारा अ‍ॅडॉप्टर सोबतच घ्यावा लागतो.