हाकेला वळत नाही? ओरडू नका, आधी समजून घ्या

मैत्रिणींनो, मार्केट यार्डात भाजी निवडणाऱ्या, फुलं विकणाऱ्या, गाळ्यांवर झाडलोट करणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणींची लेकरं यार्डातच मोठी होतात. एखादं मूल तीन वर्षांचं झालं तरी हाकेला वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, बटाटे एका ओळीत लावत बसतं, ट्रकचा हॉर्न वाजला की कान दाबून रडतं. लोक म्हणतात, "लाडावलंय," नाहीतर "आईचं लक्ष नाही." ही स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची लक्षणं असू शकतात. यात मेंदूची वाढच वेगळ्या पद्धतीने होते. आईच्या वागण्याने हे होत नाही आणि गंडेदोऱ्याने जात नाही. पण लवकर सुरुवात केली तर मूल पुष्कळ शिकतं.

घरी काय करता येईल?

एका वेळी एकच गोष्ट सांगा. "ऊठ, हात धू, जेवायला ये" असं एका दमात नको. आधी "हात धू", ते झालं की पुढचं.

चित्रं वापरा. ताट, अंगणवाडी, अंथरूण अशी चित्रं ओळीने भिंतीवर लावा. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं अशा बऱ्याच मुलांना लवकर कळतं.

बदल आधी सांगा. शनिवारी भाजीबाजाराला सुट्टी असते. रोजचा क्रम मोडला की मूल बिथरतं. म्हणून शुक्रवारी रात्रीच चित्र दाखवून सांगा.

कामातून शिकवा. कांदे एका पाटीत, बटाटे दुसरीत. त्यातूनच रंग, आकार आणि मोजणी येते. जमलं की लगेच शाबासकी द्या.

गोंगाट सोसेना झाला तर मारू नका, शांत कोपऱ्यात न्या.

तपासणी कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तपासणी मोफत असते. सेविकाताईंना तारीख विचारून ठेवा. पण काळजी वाटत असेल तर पथकाची वाट बघू नका, सरकारी दवाखान्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. निदान झालं की दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझम धरून २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षं वयात जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. "आमच्याकडे अशी मुलं घेत नाही," असं सरकारी किंवा अनुदानित शाळेला म्हणता येत नाही. तसं झालंच तर नकार लेखी मागा.

आता गटाचं काम. दवाखान्यात एक दिवस गेला की आईचा रोज बुडतो, म्हणून खेटे थांबतात आणि मुलाची वर्षं वाया जातात. पुढच्या बैठकीत एवढं ठरवा: प्रवासखर्चाला गटातून छोटं कर्ज, आणि त्या दिवशी तिची पाटी सांभाळायला एक मैत्रीण. हे इतिवृत्तात लिहून घ्या, म्हणजे विसरणार नाही.